हमीदच्या विहिरीचं पाणी

उरण, १४ नोव्हेंबर १९६१

सदा,

'चिरंजीव' लिहायला हात धजत नाही आणि 'रा. रा.' लिहिलं तर आई वरून चप्पल फेकील. म्हणून नुसतं नाव. सहा वर्षांनी लिहितो आहे, तेही खुशालीसाठी नाही. काम आहे.

मोरा बंदरातल्या लाँचवरचा दादू तांडेल तुला एक बाटली आणून देईल. तोंडाला लाख लावली आहे. लाख फुटलेली दिसली तर घेऊ नकोस. आत हमीदच्या विहिरीचं पाणी आहे. तुझ्या प्रयोगशाळेत ते तपास आणि त्यात रोगाचे जंतू आहेत असा दाखला छापील कागदावर, सहीशिक्क्यानिशी पाठव.

कारण असं. आपल्या आळीतल्या एका मुलीला दोन महिने रक्ती आव लागली आहे. वय एकोणीस. दिवसातून आठ-दहा वेळा जावं लागतं, पोटात कळा येतात, रक्त पडतं. इथल्या डॉक्टरांनी एमेटिनच्या सुया टोचून पाहिल्या. उतार नाही. अशात दसऱ्याच्या आधी एका सकाळी मिठागराकडे जाताना मी हमीदला विहिरीत कागदाची पुडी रिकामी करताना पाहिलं. पाणी जांभळं झालं. मी अडाणी नाही. ते जंतू मारायचं लाल औषध, हे मला कळतं. पण तूच सांग, विहिरीत औषध कोण टाकतो? पाणी घाण आहे हे ज्याला ठाऊक आहे तो! आणि ठाऊक होतं, तर सत्तर घरं ते पाणी पीत असताना हा गप्प का बसला?

हाच प्रश्न मी मिठागर कामगारांच्या सभेत विचारला. सभा कशी पेटली ते तुला सांगायला नको, तू माझ्या सभा पाहिल्या आहेस. तिथून उठून आम्ही सगळे विहिरीवर गेलो आणि मी कोयत्याने दोर तोडला. पोहरा दोरासकट खाली गेला. तेव्हापासून बाया दीड मैलावरच्या तळ्यातून पाणी आणतात. कुणाची तक्रार नाही.

हमीद, तू आणि मी एकाच पोहऱ्याला ओंजळ लावून मोठे झालो, हे मी विसरलेलो नाही. पण सत्यापुढे दोस्ती दुय्यम. एवढा दाखला पाठव, म्हणजे पंचायतीत ठराव करून विहीर कायमची बुजवून घेतो.

गुणाजी


उरण, २९ नोव्हेंबर १९६१

सदा,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी. 'पाण्यात दोष नाही. त्या विहिरीवर किती घरं आणि त्यांत आजारी किती? कोकिळेला हे कधीपासून?'

मी तिचं नाव लिहिलं नव्हतं.

होय, कोकिळाच. गणपतींच्या आधीपासून. बालवाडीत शिकवत होती, आता घरीच असते. मुलं दारात येऊन 'बाई, बाई' करतात आणि ती आतून त्यांना बडबडगीतं म्हणून दाखवते. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. 'एक मुलगी' असं का लिहिलं ते विचारू नकोस. सभेत मी म्हणालो होतो की आज माझी पोर पडली, उद्या तुमची पडेल. तिथे ती सगळ्यांची पोर करून टाकली. तुझ्यापुढे मात्र तिचं नाव घ्यायला जीभ वळेना.

पाण्यात दोष नाही हे मला मान्य नाही. औषधाने जंतू मेले असतील, म्हणून तुला सापडले नाहीत. याला उत्तर आहे?

तुझ्या दुसऱ्या ओळीसाठी मी वही घेऊन घरोघर फिरलो. वेणूबाईच्या दारात उभा राहिलो तर ती म्हणते, "आजारी कोन न्हाय, दादा. पन हंडे वाहून वाहून मान मोडली, ती लिवा तुमच्या वहीत." मी म्हटलं, मानेचं विचारलेलं नाही. "व्हय, तुमी इचारता कुठं? तुमी सांगता!" आतून चार बाया हसल्या. कुणाची तक्रार नाही असं मागे लिहिलं होतं. ते खोडून वाच.

घरं एकाहत्तर. आजारी एक.

हा आकडा कागदावर उतरवायला मला चार दिवस लागले. माझ्या वहीत इतकी गैरसोयीची नोंद याआधी झालेली नाही. पण यातून पाणी निर्दोष ठरतं असं मी मानत नाही. ती नाजूक असेल, बाकीचे दणकट असतील. तू दुसरं काय समजतोस ते सविस्तर लिही. कार्डावर नको, पाकिटात लिही.

गुणाजी


उरण, १७ डिसेंबर १९६१

सदा,

अकरा पानं! शाळेत चार ओळींचा निबंध लिहायला रडायचास. मी ती तीन वेळा वाचली, एकदा तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवली. बंदरावर आज सगळे गोव्याबद्दल बोलत आहेत. सैन्य निघालं म्हणतात. मला सभेला बोलावलं होतं, मी गेलो नाही. तुझ्या वहिनीने माझ्या कपाळाला हात लावून ताप पाहिला.

मला काय समजलं ते सांगतो, चुकलं तर दुरुस्त कर. रक्तात काही प्रथिनं असतात. अंगात परका जंतू शिरला की त्याच्या मापाची प्रथिनं तयार होतात आणि त्याला चिकटून त्याला निकामी करतात. त्यांना तू प्रतिद्रव्यं म्हणतोस. देवीची लस टोचली की पुढे देवी येत नाहीत ते यांच्यामुळे. इथवर ठीक, हे मी वाचलेलं आहे. पण पुढे तू लिहितोस की काही माणसांच्या रक्तात स्वतःच्याच मोठ्या आतड्याच्या अस्तराला चिकटणारी प्रतिद्रव्यं सापडतात. अस्तर लाल होतं, सुजतं, त्याला फोड येतात, रक्त गळतं. आणि बाहेरचा जंतू शोधला तर कुठेच नाही. परदेशात दोन वर्षांपूर्वी कुणीतरी हे पहिल्यांदा दाखवलं आणि तुम्ही आता इथे तेच तपासत आहात.

पहिल्या वाचनात मी कागद फेकून दिला. पंचवीस वर्षं मी लोकांना सांगत आलो की आपलं दुखणं बाहेरून येतं. साहेब बाहेरचा, ठेकेदार बाहेरचा, रोगही बाहेरचा. आणि तू म्हणतोस, पहारेकऱ्यानेच घर फोडलं! मग रात्रभर, चक्क रात्रभर, मला प्रश्न सुचत राहिले. आपलं कोण आणि परकं कोण, हे या प्रथिनांना शिकवतं कोण? जन्मतःच येतं की शिकावं लागतं? आतड्यातून रोज भात, मासळी, मिरची असं सगळं परकंच जातं, त्यावर ती का तुटून पडत नाहीत? आणि एकोणीस वर्षं जे अस्तर आपलं होतं, ते एका श्रावणात परकं कसं ठरलं?

याला तू उत्तर देतोस, 'माहीत नाही.' अकरा पानांत नऊ वेळा. मी मोजलं. माझ्या भाषणात हे दोन शब्द आजवर एकदाही आलेले नाहीत. तरी लोक माझ्याच सभेला येतात!

तू मागितलेलं रक्त इथल्या डॉक्टरांनी काढलं. बर्फाच्या थर्मासमध्ये घालून दादू तांडेल आणील. कुपी एक कोकिळेची. एक माझी. मी तोंड फिरवलं तसा कंपाउंडर म्हणाला, "पुढारी, सुईला भिता व्हय?" आणि तुलनेसाठी त्याच वयाची, त्याच पाण्यावर वाढलेली निरोगी मुलगी हवी, असं तू लिहिलं होतंस. आळीत विचारलं तर आया पोरींना घेऊन आत गेल्या. मी घरी आलो तर कोकिळेच्या उशाशी एक मुलगी आधीच बाही वर करून बसली होती. हमीदची नूरबानू.

दोर तोडला त्या दिवसापासून ती मागच्या दाराने रोज येत होती. तुझ्या वहिनीला ठाऊक होतं. मला सोडून सगळ्या घराला ठाऊक होतं.

"चाचा," ती म्हणाली, "माझं चालेल ना? त्याच विहिरीचं आहे."

कुपीवर तिचं नाव मी स्वतः लिहिलं आहे.

गुणाजी


उरण, ८ जानेवारी १९६२

सदा,

तुझं उत्तर तीस तारखेला पोहोचलं. आज आठ. मधल्या नऊ दिवसांचा हिशेब शेवटी देतो. आधी तुझ्या नळ्यांबद्दल बोलू दे, ते सोपं आहे.

तू केलेलं चित्र मी भिंतीला लावलं आहे. मेंढीच्या रक्तपेशींवर निरोगी आतड्याच्या अस्तराचा अर्क चढवायचा आणि त्यात माणसाच्या रक्तातलं वरचं निवळ पाणी घालून ठेवायचं. चिकटणारी प्रथिनं नसली की पेशी घसरत तळाशी येतात आणि एका जागी लाल टिकलीसारख्या बसतात. असली की पेशी एकमेकींना धरून राहतात आणि तळभर चादरीसारख्या पसरतात. नूरबानूच्या नळीत टिकली. माझ्या नळीत टिकली. कोकिळेच्या नळीत चादर.

मेंढी! सहा वर्षांपूर्वी मी व्यासपीठावरून काय बोललो होतो, ते आपल्या दोघांनाही पाठ आहे. 'आम्ही आमचा सदा माणसांचा डॉक्टर व्हायला धाडला, तो तिथे मेंढरांचं रक्त तपासत बसलाय. बरोबर आहे, मेंढरं उलट विचारत नाहीत.' पाचशे माणसं हसली. तू तिसऱ्या रांगेत होतास. मला ठाऊक होतं. तू गावात दवाखाना काढशील असं मी लोकांना परस्पर सांगून ठेवलं होतं. तुला न विचारता. तू नाही म्हणालास आणि मी तोंडघशी पडलो, त्याचा तो राग. आज त्याच मेंढरांच्या रक्तात माझ्या पोरीचं दुखणं दिसलं. तू पत्रात एका शब्दाने त्याची आठवण काढली नाहीस. काढली असतीस तर बरं झालं असतं.

तुझ्या शेवटच्या पानावर मात्र मी अडकलो. मी विचारलं होतं, मग या प्रथिनांनीच आग लावली हे सिद्ध झालं ना? तू लिहितोस: 'नाही, दादा. ती जखमेच्या जागी सापडतात एवढंच सिद्ध झालं. त्यांनी आग लावली, की आग लागल्यावर ती विझवायला धावली, हे अजून कुणालाच सांगता येत नाही. आगीच्या जागी जो दिसतो तो आग लावणाराच असतो असं नाही.'

हे वाक्य तू प्रथिनांबद्दल लिहिलंस. तुला पुडीचं सगळं ठाऊक नव्हतं. किंवा होतं. पण मी कागद खाली ठेवला आणि मला हमीद दिसला. विहिरीवर वाकलेला, हातात पुडी. मी त्याला त्या जागी पाहिलं, एवढंच तर मी पाहिलं होतं! बाकी सगळं माझं व्याख्यान.

आता ते नऊ दिवस.

तू स्पष्ट लिहिलं होतंस की कोकिळेला लगेच मुंबईला आण, नळी घालून अस्तर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय खात्री नाही, आणि खात्री झाली तर या प्रथिनांचा जोर कमी करणारी नवी औषधं आहेत. दिवस दवडू नका. मी त्याच संध्याकाळी दादूला लाँचवर जागा सांगून आलो. घरी येऊन कोकिळेला म्हटलं, उद्या निघायचं.

"आधी विहिरीला दोर बांधा," ती म्हणाली.

"ते नंतर बघू. आधी तू."

"नंतर तुम्ही बघणार नाही, बाबा. मी बरी झाले तर म्हणाल, पाणी बदललं म्हणून बरी झाली. आणि मेले तर म्हणाल, त्याच पाण्याने मेली. दोन्हीकडून विहीर गेली. माझ्या नावावर ते नको."

तुझी वहिनी भाताची पेज घेऊन उभी होती. म्हणाली, "पोरगी कोनाची हाय? तुमचीच. आता सोसा."

मी तिला समजावलं. रागावलो. चार दिवस भाषणं केली. तिला भाषण नवं नाही. ती भिंतीकडे तोंड करून ऐकते आणि मधेच उठून परसाकडे जाते, आणि येताना भिंत धरून येते. निवडणूक पुढच्या महिन्यात आहे. ज्या लोकांसमोर मी दोर तोडला, तेच लोक सभांना येणार आहेत. 'मी चुकलो' म्हणणाऱ्या वक्त्याच्या पुढच्या वाक्यावर कोण विश्वास ठेवील? हा विचार मी केला. पोरगी रक्त गाळत असताना केला. नऊ दिवस केला. काल तिला ताप चढला.

तू विचारतोस म्हणून नाही, मला कुणालातरी सांगायचं होतं म्हणून लिहिलं.

गुणाजी


उरण, ११ जानेवारी १९६२, सकाळ

सदा,

हे पत्र कोकिळेच्याच हाती देतो आहे. म्हणजे तू वाचशील तेव्हा ती तुझ्यासमोर असेल. आधी तिला बघ, मग वाच.

परवा मी हमीदकडे गेलो. तो ओट्यावर जाळं विणत होता. वर न बघता म्हणाला, "काय पुढारी, आज कोयता नाय आणला?"

मी विचारलं, त्या दिवशी विहिरीत औषध का टाकलंस?

"नूर सांगत आली की कोकिळाला जुलाब लागलेत, बंद होत नायत. मी म्हटलं, या अल्ला, आपल्या विहिरीने तर नसेल? पनवेलला गेलो, आरोग्यवाल्याकडून पुडी आणली. तुझी पोर ती माझी पोर. बस."

"मग सभेत बोलला का नाहीस?"

तेव्हा त्याने वर पाहिलं. "तू बोलू दिलंस?"

नाही दिलं, सदा. तो दोनदा उभा राहिला होता. मला ते आता आठवतं. 'बस खाली' असं मी लोकांकडून म्हणवून घेतलं होतं.

मी माफी मागायला लागलो तर त्याने हात वर केला. "माझ्या ओट्यावर नको. इथे कोण ऐकतंय? चावडीवर बदनाम केलंस आणि घरात येऊन पाय धरतोस! जिथे तोडलंस तिथेच बांध. आणि दोर तुझा आण. माझा पोहरा अजून तळाशी आहे, तो पण काढ."

काल संध्याकाळी कामं सुटायच्या वेळी मी विहिरीवर लोक जमवले. नवा काथ्याचा दोर मी खांद्यावर घेऊन गेलो. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लहान भाषण झालं. हमीदने औषध टाकलं ते माझ्या मुलीच्या काळजीने. पाणी मुंबईला तपासलं, ते चांगलं आहे, हे मला दीड महिना ठाऊक होतं आणि मी ते लपवलं. एकाहत्तर घरांत आजारी एक, आणि तिचं दुखणं तिच्या रक्तात आहे. ते का होतं विचाराल तर... इथे मी थांबलो. लोक वाट बघत होते. त्यांना माझ्याकडून कारण मिळायची सवय आहे.

"माहीत नाही," मी म्हणालो.

टाळी एकही पडली नाही. मागून कुणीतरी म्हणालं, "मग आमी दोन-अडीच म्हैने तळ्यावर कशाला मेलो?" वेणूबाईच असणार. मी गळ टाकून पोहरा काढायला लागलो. चार वेळा सुटला. पाचव्या वेळी हमीद पुढे आला, माझ्या हातातून दोरी घेतली आणि म्हणाला, "हो बाजूला. बोलण्याशिवाय तुला काही येतं का?" आणि एका हिसक्यात पोहरा वर. मग मी दोर बांधला. गाठ त्याने तपासली, सोडली आणि पुन्हा बांधली.

पहिला पोहरा मी प्यालो. मागून सगळ्या बायांनी हंडे पुढे केले, त्या अजून माझ्याशी बोलत नाहीत, पण रांग लागली. घरी आलो तर कोकिळेने ट्रंक भरायला घेतली होती. बसून, एका हाताने. नूरबानू कपड्यांच्या घड्या करून देत होती.

आता त्या निघतील. बंदरापर्यंत तिला खुर्चीत बसवून न्यायचं आहे. खुर्ची एका बाजूने हमीद धरील, दुसऱ्या बाजूने मी. तुझी वहिनी सोबत येते आहे. तिच्याशी नीट बोल, तुझ्यासाठी तिने सहा वर्षं माझ्याशी भांडण केलं आहे.

ती बरी होईल का, असं मी विचारत नाही. तुला माहीत नसेल तर तू तसंच लिहिशील, आणि तेच मला चालेल. फक्त नळीतून अस्तर पाहशील तेव्हा काय दिसलं ते सगळं लिही, चित्र काढून. औषधाने ही प्रथिनं शांत होतात म्हणतोस, ती कशी? झोपतात की विसरतात? आणि विसरली तर देवीलाही विसरतील का? पोरीला समजावून सांग, तिलाही जाणून घ्यायचं आहे. माझं डोकं तिच्यात उतरलं आहे, माझी जीभ उतरली नाही, एवढं बरं.

ट्रंकेत कपड्यांच्या मधे एक बाटली आहे. तीच, तू दादूकडे परत पाठवलेली. लाख लावलेली नाही, साधं बूच आहे. पाणी काल संध्याकाळचं, नव्या दोराने काढलेलं. ते तपासायला नाही, प्यायला आहे.

रिकामी बाटली दादूकडे देऊ नकोस. स्वतः घेऊन ये.

तुझा दादा